‘रिप्राइज’: पहिल्या पुस्तकानंतर

‘रिप्राइज’ (२००६) हा नॉर्वेजियन दिग्दर्शक योआकिम त्रिअर याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा त्याची आणि एस्किल फोग्ट याची. फिलिप आणि एरिक हे ऑस्लोमधले विशीतले दोन मित्र आपापल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित पेटीत टाकायला उभे आहेत, तिथे चित्रपट सुरू होतो. पुढे काय काय घडले असते हे निवेदक भरधाव सांगून टाकतो: पुस्तके, वाद, प्रेमभंग, परदेशातले दिवस, कीर्ती. प्रत्यक्षात एरिकची कादंबरी साभार परत येते. फिलिपची छापली जाते, आणि तो एका झटक्यात नावाजला जातो.

या यशाला चित्रपट फार वेळ देत नाही. टाळ्या, मुलाखती, छायाचित्रे झरझर निघून जातात आणि कथा थेट सहा महिने पुढे जाते. मित्र फिलिपला मनोरुग्णालयातून घरी आणायला गेलेले असतात. उतावळ्या प्रेक्षकाला मधले पान फाटल्यासारखे वाटते. पण ही झेप हेतुपुरस्सर आहे. प्रसिद्धीचा काळ बाहेरून सगळ्यांना दिसलेला असतो. दाखवायचे उरते ते त्यानंतरचे रिकामपण.

प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, तेव्हा त्याचा पहिला कथासंग्रह नुकताच गाजला होता. एक पुरस्कार मिळाला होता, कपाटात शाली साठल्या होत्या, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन पावसाळ्याआधीच सुरू झाले होते. एका संपादकांनी फार मायेने सांगितले, “तुमची नेहमीसारखी कथा द्या.” जेमतेम एका पुस्तकाच्या लेखकाला हे ऐकून आधी बरे वाटले. मग तो लिहायला बसला. उतरत होते ते सगळे आधीच्याच संग्रहातले: तोच वाड्याचा जिना, तीच अबोल आत्या, शेवटी तोच अर्धवट संवाद. वाक्ये सफाईदार होती, हीच पंचाईत. पहिल्या वेळी अडखळत लिहिलेले आता हातखंडा झाले होते.

म्हणूनच चित्रपटातला पॅरिसचा भाग त्याला सर्वांत जिव्हारी लागला. फिलिपचे कारीवर प्रेम असते आणि त्या प्रेमाचा ध्यासच आजाराला कारण झाला, असे त्याच्या भोवतालच्यांचे मत असते. बरा होऊ लागल्यावर तो तिला पुन्हा पॅरिसला नेतो आणि पूर्वीची सहल जशीच्या तशी घडवू पाहतो. मागची भावना त्याला आतून जाणवत नाही. निदान तिची मांडणी तरी हुबेहूब व्हावी, अशी त्याची धडपड असते. कारी समजूतदार आहे, सोसते, पण तिच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण येते. व्हिक्टोरिया विंगे हिने ते फार कमी बोलून दाखवले आहे. स्वतःचीच नक्कल करणारा माणूस जवळच्याला कसा दिसतो, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच पडद्यावर आले असेल.

फिलिपची भूमिका करणारा आंदेर्स दानिएल्सन ली हा वैद्यकशास्त्र शिकलेला आहे. वेडाचा कोणताही देखावा न करता तो निव्वळ मंदावत जातो. प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर किंचित वाढवतो. एरिकची कथा त्यामानाने हलकी, काही ठिकाणी चक्क विनोदी. त्याचे पुस्तक अखेर निघते, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्याची त्रेधा उडते, आणि ज्या एकांतप्रिय लेखकाला हे दोघे देव मानतात त्याच्याशी त्याची गाठही पडते. मित्रांच्या टोळक्याचे प्रसंग मात्र जरा लांबले आहेत. पंक संगीत, टोमणे, मुलींविषयीची पोरकट बडबड हे सगळे खरे असले तरी निम्मे पुरले असते.

खेळानंतरच्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली: पोराला आजार होता, त्यात प्रसिद्धीचा काय दोष? हरकत रास्त होती. कीर्तीमुळे वेड लागले, असे चित्रपट कुठेही म्हणत नाही. कारण प्रेमात आहे, स्वभावात आहे की शरीरात, याचा निवाडा तो करत नाही; लेखकांच्या वेडाभोवती जे वलय असते तेही तो फिलिपला देत नाही. यश मिळाल्यावर माणसाकडून तेच पुन्हा मागितले जाते आणि त्या मागणीपुढे आधीच हललेला माणूस उघडा पडतो, एवढेच दिसते. त्यावर त्या सभासदांचे समाधान झाले नाही. चहा येईपर्यंत वाद चालला, आणि त्या वर्षी प्रस्तुत लेखकाने कोणत्याच दिवाळी अंकाला कथा दिली नाही.