खरे नाणे, खोटे नाणे

धाराशिव जिल्ह्यातील जळकोट या गावाच्या उत्तरेस, त्याच जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव वसले आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत आणि त्याचे नाव सातासमुद्रांपलीकडे पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई. त्याच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी उतरत आणि देशी नाण्यांशी त्यांचा बदला करताना चांगला नफा होई.

तेरच्या जुन्या टेकाडांत सापडणाऱ्या वस्तू तेथीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी मोठ्या आस्थेने जमविल्या. या टेकाडांनी एक मौजेची वस्तू दिली आहे. ती म्हणजे रोमन नाण्याची हुबेहूब नक्कल असलेली मातीची पदके. ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालीत असावेत. ही नक्कल खरी, पण लबाडी नव्हे. मातीचे नाणे देऊन कोण कोणाला फसविणार?

लबाडी असते ती चांदीच्या नाण्यात. रोमच्या चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. भारतात सापडलेल्या अशा नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या दोन सम्राटांची नाणी फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे वजन चार ग्रॅमांहून किंचित कमी भरते. चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोड्याचा घाव घातला की नाणे तयार होई. माणसाच्या हाताचा घाव तो! कोठे सम्राटाचे मुख एका बाजूला सरके, कोठे कड तडके. आजचा लबाड कारागीर बहुधा साच्यात धातू ओततो. मग नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे उमटतात, अक्षरे बोथट होतात आणि कडेवर साच्याचा सांधा राहतो. तो कानशीने घासला तरी घासल्याची खूण राहतेच. दोन नाणी ओरखड्यासकट तंतोतंत सारखी दिसली, तर जाणकाराला दोन्हींचा संशय येतो. नाणे वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत मात्र येथे नेहमी उपयोगी पडत नाही. शतकानुशतके मातीत राहून चांदी ठिसूळ होते आणि अस्सल नाणेही बद्द वाजते.

खोटी नाणी त्या काळीही होतीच. आत तांबे आणि वर चांदीचा पातळ पत्रा, अशी त्यांची घडण असे. पत्रा झिजला की आतले तांबे उघडे पडे. आपले पूर्वज अशा मालाला सहजासहजी भुलत नसावेत. कारण भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. आत काय आहे ते पाहण्यासाठी तो घातला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. सम्राटाच्या गालाचे काय झाले, याची चिंता त्या पारख्याला कशाला असेल? याउलट रोममधील हौस पाहा. तेथे एका खोट्या नाण्यासाठी लोक अनेक खरी नाणी मोजत, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. त्यांना खोटेपणाचाच अभ्यास करावयाचा होता.

नाण्याचे खरे मोल चांदीत थोडे आणि ते कोठे, कशाजवळ सापडले यात फार असते. शेत नांगरताना निघालेले नाणे गुपचूप विकले की ती माहिती कायमची बुडते, आणि मग त्याच्या शेजारी खोटे नाणे आणून ठेवणेही सोपे होते. म्हणूनच 1878 च्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक केले आहे. लामतुरे यांनी तर आपला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तेरचे शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.