एका पगारावर बडोद्यास

बडोद्यास नोकरी धरलेला एखादा आजा-पणजा ज्यांच्या वंशावळींत नाहीं, अशीं घराणीं आमच्या ओळखींत थोडींच आहेत. त्या काळीं माणूस आधीं एकटा जाई, ओळखीच्या घरीं जेवणाची सोय पाही, आणि दोन-चार वर्षांनीं बिऱ्हाड करी. आतां ही रीत राहिली नाहीं. यजमानांची बदली पुण्याहून बडोद्यास झाली, तेव्हां सारें घर एकदमच हलविणें भाग पडलें. आमच्या घरांत दोन पगार येत होते. शाळेंतील आमची नोकरी पुण्यासच सोडावी लागली, म्हणजे पगार राहिला एक. माणसें मात्र पांचच्या पांच, आम्ही उभयतां, दोन मुलें व सासूबाई. शिवाय दीर व जाऊबाई ह्यांच्याबरोबरचें एकत्र घर, जेथें भाडें, बाजार आणि आजारपण हीं तिन्ही वांटून घेतलीं जात, तेंहि मागें राहिलें. अशा स्थितींत नव्या गांवीं घर कसें बसलें, ह्याचा वर्षभराचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

बडोदें परकें म्हणावें, तर त्याचा इतिहास आपलाच आहे. १७३४ पासून हें शहर गायकवाडांकडे राहिलें. १८७५ सालीं नाशिक जिल्ह्यांतील कौळाणें गांवचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक होऊन गादीवर बसला. तेच तिसरे सयाजीराव महाराज. त्यांनीं १८९३ मध्यें अमरेलीच्या भागांत प्रयोगादाखल आणि १९०६ पासून सर्व संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. १९४९ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व १९६० सालीं हा मुलूख गुजरात राज्यांत गेला. मराठी साहित्य संमेलन मात्र येथें १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळां भरलें. दांडिया बाजार व रावपुरा ह्या भागांत फिरतांना मराठी बोलणें आजहि कानीं पडतें. सासूबाईंचें मन वळविण्यास ह्या इतिहासाचा आम्हांला फार उपयोग झाला.

निघण्यापूर्वी तीन महिने हातीं होते. त्या तीन महिन्यांत आम्हीं पुण्यांतच एका पगारावर राहून पाहिलें. दुसरा पगार आला, कीं तसाच बाजूला ठेवावयाचा, त्यास हात लावावयाचा नाहीं, असें ठरविलें. ह्याचे दोन फायदे झाले. सामानाचा ट्रक, घराची अनामत रक्कम आणि मुलांच्या शाळेची पहिली फी, एवढा खर्च त्या शिलकेंतून भागला. आणि कोणत्या गोष्टीवांचून आपलें अडतें व कोणत्या गोष्टीवांचून अडत नाहीं, हें ओळखीच्या गांवींच कळून चुकलें. अनामत रकमेसाठीं सासूबाईंनीं आपल्या पाटल्या पुढें केल्या होत्या. त्या आम्हीं परत त्यांच्या हातांत घातल्या, आणि त्यांच्याकडे घराच्या हिशेबाची वही दिली. तेव्हांपासून महिनाअखेरीस सर्वांसमक्ष वही वाचावयाची, असा परिपाठ पडला आहे.

कागदपत्रांचें काम थोडें किचकट असतें. शाळा सोडल्याचा दाखला, गॅस, शिधापत्रिका, बँक हें सर्व आलेंच. स्वतःचें वाहन परराज्यांत नेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचें असल्यास तेथें त्याची नोंदणी नव्यानें करावी लागते, आणि त्यासाठीं जुन्या कार्यालयाचें ना-हरकत पत्र घ्यावें लागतें. हा खर्च व खेपा पाहून आम्हीं मोटार विकून टाकली व घर असें शोधावयाचें ठरविलें, कीं शाळा, बाजार, डॉक्टर आणि देऊळ हीं चारीहि सासूबाईंच्या चालीनें गांठतां यावींत.

घर शोधतांना मात्र बडोद्याच्या नदीचा विचार आधीं करावा लागतो. विश्वामित्री ही पावागडच्या बाजूनें उगम पावून शहराच्या मधून वाहते. उन्हाळ्यांत तिच्याकडे पाहिलें तर ओढा वाटावा, आणि तिच्यांतील मगरी पाहण्यास लोक पुलावर थांबतात. परंतु ३१ जुलै २०१९ रोजीं एका दिवसांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तिनें शहराचा मोठा भाग पाण्याखालीं घातला. ऑगस्ट २०२४ मध्यें पुन्हां तेंच झालें. पुरांत मगरी रस्त्यावर आलेल्या लोकांनीं पाहिल्या आहेत. एका दलालानें आम्हांला नदीच्या अंगाचीं प्रशस्त व स्वस्त घरें दाखविलीं. भिंतींना नवा रंग होता. आम्हीं दलालास कांहीं न विचारतां शेजारच्या इस्त्रीवाल्यास विचारलें, कीं २०२४ सालीं पाणी कोठवर आलें होतें. त्यानें हात आपल्या छातीला लावला. ज्या घरांत एकच मिळवता आहे, त्या घरास एका पुरानें भिजलेलें सामान पुन्हां घेणें परवडत नाहीं. सबब स्थानकाच्या पश्चिमेचें अलकापुरी भाड्यामुळें सोडलें, नदीकांठ पाण्यामुळें सोडला, आणि जुन्या शहरांत, दांडिया बाजाराजवळच्या एका गल्लींत, दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या घेतल्या. पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून भाडें अधिक नसावें, हा आमचा नेम त्यांत संभाळला गेला. खोल्या लहान आहेत. पण गच्ची आहे, आणि देवघरापुरता कोनाडा पूर्वेस आहे.

सामान बांधतांना सासूबाईंनीं आपला पाटा-वरवंटा पुण्यास ठेवला. "एवढें ओझें कशाला? दोन-तीन वर्षांनीं परत यायचेंच आहे," असें त्या म्हणाल्या. आम्हीं त्यावर कांहीं बोललों नाहीं.

भाषेची भीति आम्हांला मुलांपुरती होती. २०२३ च्या कायद्यानें गुजरातेंत पहिलीपासून आठवीपर्यंत सर्व शाळांतून गुजराती सक्तीची झाली आहे. परंतु गुजराती लिपि म्हणजे बरीचशी आपलीच लिपि, डोक्यावरची रेघ काढून टाकलेली. धाकट्यानें ती दुकानांच्या पाट्यांवरूनच उचलली. अडचण आली ती मोठ्या माणसांस, तीहि सारख्या शब्दांमुळें. खंडेराव मार्केटांत सासूबाईंनीं "भाजी" मागितली, तेव्हां बाईनें त्यांच्यापुढें मेथी, पालक आणि तांदुळजा मांडला; कारण भाजी म्हणजे तेथें पालेभाजी, आणि आपण जिला भाजी म्हणतों तें शाक. स्वयंपाकांत मात्र फारसें बिनसलें नाहीं. आमटींत गूळ घालणाऱ्या घरास गुजराती डाळीचें काय नवल! रस्त्यावर मिळणारी सेव-उसळ हा तर येथला आवडता पदार्थ आहे, आणि त्यांतली उसळ कोठून आली असावी हें सांगावयास नको.

मराठी टिकविण्याचें काम आतां घरावर आलें. त्यासाठीं आम्हीं निराळा वर्ग काढला नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर थोरल्या मुलीनें पुण्याच्या काकूस आठवड्याचें एक पत्र लिहावयाचें, हाताने व मराठींत, एवढाच नियम केला. फोनवर रोज बोलणें होत असतां पत्र कशाला, असें तिनें प्रथम विचारलें. काकूचें उत्तर आल्यावर पुन्हां विचारलें नाहीं.

पांचव्या महिन्यांत एका पगाराची खरी परीक्षा झाली. पुण्यास पुतण्याची मुंज ठरली. त्याच महिन्यांत शाळेची दुसरी फी होती आणि धाकट्याच्या तापांत डॉक्टर व औषधें ह्यांचा खर्च होऊन गेला होता. प्रवास एका रात्रीचा. तथापि पांच माणसांचें जाणें-येणें, आहेर आणि कपडे ह्यांची बेरीज सासूबाईंनीं वहींत मांडली, तेव्हां ती शिलकेंत बसेना. कर्ज काढून जावें, असा विचार एका रात्रीं झाला. सकाळीं सासूबाई म्हणाल्या, "मी आणि तो जातों. तूं मुलांपाशीं राहा." आमच्या हातांनीं ज्याला लहानाचें मोठें केलें, त्या मुलाच्या मातृभोजनाच्या पंगतीस आम्हीं नव्हतों, ही गोष्ट आजहि सलते. मुलेंहि रडलीं. नातेवाइकांत दोन शब्द झालेच. "चांगले दोन पगार होते, एक सोडला," असें कोणी म्हटलें तें आमच्यापर्यंत पोचलें. जाऊबाईंनीं मात्र सासूबाईंबरोबर लाडवांचा डबा पाठविला, आणि त्यावर चिठ्ठी चिकटविली, "हिशेब कळविलात तें बरें केलेंत. पुढच्या वेळीं आम्ही येतों." त्याप्रमाणें दिवाळींत तीं सर्व मंडळी आलीं, आणि आम्ही नऊ माणसें त्या तीन खोल्यांत चार दिवस राहिलों.

ह्या शहराचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. येथें थोड्या पैशांत पुष्कळ मिळतें, आणि त्याचें श्रेय बव्हंशीं सयाजीराव महाराजांचें आहे. त्यांनीं लोकांसाठीं १८७९ सालीं केलेला बाग आजहि संध्याकाळीं गजबजलेला असतो. त्यांतच १८९४ चें संग्रहालय आहे. मांडवीजवळचें मध्यवर्ती ग्रंथालय त्यांनीं १९१० मध्यें बॉर्डेन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालाकडून उभें करविलें. त्यांतील पुस्तकांच्या कपाटांचे मजले पोलादाचे असून तळ कांचेचा आहे, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत पोचावा. तेथें मराठी पुस्तकें आहेत. नोकरी सुटल्यानंतर आमच्या ज्या दुपारी सुन्या जात, त्यांतील कित्येक ह्या ग्रंथालयानें भरून काढल्या. चौदा वर्षें रोज ज्या वेळीं शाळेची घंटा ऐकली, त्या वेळीं घरांत बसणें सोपें नसतें. खर्चाच्या वहींत त्यासाठीं सदर नाहीं.

आमच्यासारख्या निघणाऱ्या कुटुंबांस इतकेंच सांगावेंसें वाटतें, कीं नव्या गांवाचें भाडें विचारण्याआधीं तेथलें पाणी विचारावें, पगार एक होण्याआधीं एका पगारावर राहून पाहावें, आणि हिशेब घरांतील वडील माणसांपासून लपवूं नये. तो त्यांच्या हातीं दिल्यास त्यांना आपण पाहुणे आहों असें वाटत नाहीं.

अकरा महिन्यांचा करार गेल्या महिन्यांत संपला. घरमालकांनीं भाडें थोडें वाढविलें. वहींत तें बसतें, असें सासूबाईंनीं सांगितलें, आणि आम्हीं नव्या करारावर सही केली. त्याच रात्रीं त्यांनीं पुण्यास फोन लावला, आणि दीरांना बजावलें, कीं पुढच्या खेपेस गाडीनें याल तेव्हां माझा पाटा-वरवंटा घेऊन या.