मावळतीचा किनारा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो आणि शेतांमागे मावळतो. नॉरफोकमधलं हन्स्टंटन याला अपवाद आहे. वॉश नावाचं उथळ, रुंद आखात तिथे जमिनीत शिरलं आहे, आणि त्याच्या काठावरचं हे छोटं शहर पूर्व किनाऱ्यावर असूनही पश्चिमेकडे तोंड करून बसलं आहे. तिथे सूर्य पाण्यात बुडतो. माझी आई वेंगुर्ल्याची. सूर्याने दिवसाच्या शेवटी समुद्रातच उतरायचं असतं, हे तिच्या मनात लहानपणापासून पक्कं होतं. म्हणून आमच्या घरी सुट्टी म्हणजे हन्स्टंटन.

साठच्या दशकात भारतातून जे अनेक डॉक्टर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत गेले, त्यांत बाबाही होते. मोठ्या शहरांऐवजी त्यांच्या वाट्याला पश्चिम नॉरफोकमधलं एक खेडं आलं. गारगोटीच्या आणि तांबूस दगडाच्या भिंती, एक चर्च, एक पब, एक पोस्ट, आणि चहूबाजूंनी बीट नि जवाची शेतं. माझं सगळं बालपण तिथे गेलं.

समुद्रावर जायचं तर डबे आदल्या रात्रीच भरले जात. थालिपीठं, लसणीची चटणी, उकडलेले बटाटे. किनाऱ्यावर पोचलं की बाबा वारा अडवायला कापडाचा आडोसा उभा करत. ऑगस्टातही तिथला वारा अंगावर काटा आणतो. मग ओहोटीची वाट बघायची. वॉशमध्ये पाणी इतकं लांब जातं की मागे उरलेली ओली वाळू चालून संपत नाही. तिथेच 1947 साली अडकलेल्या एका मच्छीमार बोटीचा गंजका सांगाडा रुतला होता. मागे हन्स्टंटनचा प्रसिद्ध कडा: तळाशी तपकिरी दगड, मध्ये तांबड्या खडूचा पट्टा, वर पांढराशुभ्र खडू, जणू हलवायाने थर लावून कापलेली बर्फी. कड्यावरून पडलेल्या ढेकळांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जिवांचे अवशेष सापडत. ते खिशात भरून आणले की आई धुतलेल्या कपड्यांतून खडूची भुकटी झाडत बसे.

दुपारी गाढवावरची फेरी, बाहुल्यांचा पंच अँड जुडीचा खेळ, आणि संध्याकाळी कागदात गुंडाळलेले गरम चिप्स. त्यावर मीठ आणि भरपूर व्हिनेगर. आई त्यावर चिमूटभर तिखट टाके आणि आम्ही ते मावळत्या उजेडात खात असू. हवा स्वच्छ असली की आखातापलीकडे लिंकनशरमधल्या बॉस्टनच्या चर्चचा उंच मनोरा दिसायचा.

ही सुट्टी इतक्या लोकांना मिळते कशी, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं. किनाऱ्यावरचं हे शहर वसवायला 1846 मध्ये सुरुवात झाली, पण ते भरभराटीला आलं 1862 मध्ये किंग्ज लिनहून रेल्वे आली तेव्हा. 1871 च्या कायद्याने ब्रिटनमधल्या कामकऱ्यांना ठरलेले सुट्टीचे दिवस मिळाले आणि 1938 च्या कायद्याने पगारी रजेची वाट मोकळी झाली. कारखान्यातला माणूस मजुरी न गमावता बायकामुलांना समुद्र दाखवू शकला, तो या कायद्यांमुळे आणि स्वस्त तिकिटामुळे. ऑगस्टात आमच्या आडोशाशेजारी लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या गिरण्या-कारखान्यांतली कुटुंबं पथारी पसरत. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलल्यानंतर जी गुजराती कुटुंबं लेस्टरला आली, तीही पुढच्या उन्हाळ्यांत दिसू लागली. वाळूवर साड्या दिसल्या की आई उठून त्यांच्याकडे जायची. आमची थालिपीठं तिकडे जात, त्यांचे ठेपले इकडे येत. घरदार गमावून आलेल्या त्या बायका पाण्यात घोटाभर उभ्या राहून मनापासून हसत होत्या. त्या किनाऱ्यावर पाय ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती, ही केवढी मोठी गोष्ट होती!

खेड्याचं वर्ष मात्र उन्हाळ्यानंतर खरं सुरू व्हायचं. सप्टेंबरात कुंपणांवरची ब्लॅकबेरी काळी होई आणि आमची बोटं जांभळी. सुगीच्या सणाला चर्चमध्ये धान्याच्या पेंडीच्या आकाराचा पाव, भोपळे, सफरचंदं आणि डबाबंद अन्न मांडलेलं असे. ते पुढे गरजूंना वाटलं जाई. आई परसातली कोथिंबीर आणि मिरच्या घेऊन जायची, आणि धर्माचा प्रश्न कुणीही काढला नाही. ऑक्टोबर उजाडला की बिटाने भरलेल्या ट्रॅक्टरांनी रस्ते चिखलमय होत. बीट उपटल्यावर शेतात पडलेल्या पाल्यासाठी आइसलँड आणि ग्रीनलँडहून गुलाबी पायांचे हंस येत. पहाटे हजारोंच्या थव्यांनी ते वॉशवरून जमिनीकडे उडू लागले की आकाश त्यांच्या आवाजाने भरून जाई. शाळेत जाताना आम्ही माना वर करून चालत असू.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई 31 जानेवारी 1953 च्या रात्रीविषयी सांगत. त्या रात्री उत्तर समुद्र वादळाने फुगून बांधांवरून आत आला आणि इंग्लंडमध्ये 307 माणसं गेली. हन्स्टंटनहून निघालेल्या गाडीवर पुरात वाहत आलेलं एक लाकडी घर आदळलं. जवळच्या तळावरचा रेस लेमिंग हा तरुण अमेरिकन सैनिक पोहता येत नसताना रबरी तराफा ओढत बर्फगार पाण्यात शिरला आणि त्याने 27 जणांना वाचवलं. हे सांगताना बाईंचा आवाज दर वेळी थरथरे. गोष्ट संपली की त्या आम्हाला दुकानातल्या होडीच्या आकाराच्या पेटीत नाणं टाकायला पाठवत. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षक नौकांसाठीची ती पेटी. या नौका चालवणारी, 1824 साली स्थापन झालेली संस्था आजही मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते. वादळात नौका लोटायला धावणारे लोक म्हणजे तिथलेच मासेमार, सुतार, दुकानदार. गाव म्हणजे काय, हे मी त्या पेटीपाशी शिकले.

आज तिथे गेले की मन भरूनही येतं आणि जडही होतं. कडा तसाच आहे, हंस येतात, सूर्य पाण्यातच मावळतो. पण रेल्वे 1969 मध्ये बंद झाली, 1978 च्या वादळाने जुना धक्का मोडून नेला, आणि आमच्या खेड्यातलं पोस्टही गेलं. नॉरफोकच्या या किनाऱ्यावर मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांनी सुट्टीसाठी घरं घेतली आणि किमती चढत गेल्या. शेतमजुराच्या, परिचारिकेच्या, शिक्षकाच्या मुलांना आपल्याच गावात घर परवडेना. हिवाळ्यात रस्त्याने चाललं तर खिडक्यामागून खिडक्या अंधारलेल्या. जवळच्या बर्नहॅम मार्केटच्या रहिवाशांनी 2023 मध्ये मतदान करून ठरवलं की गावातली नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावण्याची मुभाही मिळाली आहे. ही पावलं मला मोलाची वाटतात, कारण त्यांच्यामागे आपलं गाव जिवंत राहावं ही साधी, न्याय्य इच्छा आहे.

आईच्या माहेरचं घरही आता गणपतीपुरतंच उघडतं. तिथे पोटासाठी माणसं मुंबईला गेली, नॉरफोकमध्ये पैशाने गावकऱ्यांना बाहेर ढकललं. कारणं वेगळी असली तरी दाराला लागलेलं कुलूप सारखंच असतं.

निसर्गाने मला कडा दिला, भरती-ओहोटी दिली, हंस दिले. त्यांच्यापर्यंत मला पोचवलं ते माणसांनी: रजेसाठी झगडलेल्या कामगारांनी, गावात बारा महिने राहणाऱ्या शेजाऱ्यांनी, वादळात नौका लोटणाऱ्या स्वयंसेवकांनी. एका परक्या देशातून आलेल्या डॉक्टरच्या मुलीला तो किनारा आपला वाटला, तो या सगळ्यांमुळे.

म्हणून एक विनंती. कुठल्याही किनाऱ्यावर सुट्टीला जाल, नॉरफोकला किंवा कोकणात, तर तिथे कायम राहणाऱ्या माणसाच्या घरी उतरा, गावातल्याच दुकानातून सामान घ्या, आणि तिथली एसटी, शाळा, पोस्ट टिकावं म्हणून गावकरी बोलतील तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहा. गावात माणसं राहिली, तरच आपल्या मुलांना जावंसं वाटेल असा किनारा उरेल.