उतारावर सुटणारा गिअर

माझे थोरले बंधू गेले, त्याला आता दोन वर्षे होतील. विजयदुर्गच्या आमच्या दुकानात त्यांच्यामागे दोन गोष्टी राहिल्या : त्यांच्या हस्ताक्षरातील खातेवह्या आणि मागील अंगणात उभी असलेली १९९४ सालची महिंद्राची चार गिअरची जीप. गिर्ये, रामेश्वर या बाजूच्या बागांतून जांभ्या दगडाच्या वाटांनी हापूसच्या पेट्या उतरवण्याचे काम या जीपने वर्षानुवर्षे केले. मी सदतीस वर्षे बँकेत काढलेला मनुष्य. घसाऱ्याच्या हिशेबाने त्या जीपची किंमत केव्हाच शून्य झाली होती.

गेल्या दिवाळीनंतर पुतण्याने ती विकायचे ठरवले. जवळच्या गावातील एका तरुण बागायतदाराने एक लाख साठ हजार रुपये देऊ केले. हंगामापूर्वी दुकानात माल भरायचा असल्याने पुतण्याला पैशाची निकड होती. गाडी दाखवण्यापूर्वी एकदा चालवून पाहावी म्हणून मी ती खाडीकडच्या उतारावर नेली. दुसऱ्या गिअरवर उतरत असता दांडी खटकन आपोआप मागे आली आणि जीप मोकळी धावू लागली. गाडी रिकामी होती, म्हणून ब्रेकने सावरली. पाठीमागे पेट्यांचा भार असता तर काय झाले असते, हा विचार घरी येईपर्यंत माझा पाठलाग करीत होता.

मिस्त्रींनी गिअरबॉक्समधील तेल एका पसरट भांड्यात काढले. त्यात पितळेची बारीक चमक तरंगत होती. गिअर बदलताना दोन चक्रांचा वेग जुळवून आणणाऱ्या पितळी रिंगा झिजल्याची ती खूण. त्याहून गंभीर गोष्ट त्यांनी पुढे समजावली. इंजिन गाडी ओढते तेव्हा दात एका बाजूने दाबलेले असतात. उतारावर चाकेच इंजिनाला ढकलू लागतात आणि दाब उलटतो. दातांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर त्या क्षणी ते एकमेकांवरून घसरतात आणि गिअर सुटतो. म्हणजे ज्या जागी गिअरचा आधार सर्वांत अधिक हवा, नेमका तेथेच तो जातो.

व्यवहार जुळवणारे गृहस्थ मात्र निश्चिंत होते. ते हसून म्हणाले, "काकानू, जाड तेल घालूया. आवाज बंद होतलो. गिऱ्हायकाक कळाचा नाय."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दाट तेलाने घरघर दबते, दात मात्र धरत नाहीत. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. कागद पाहून हा दोष कोणालाही सापडला नसता. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. प्रामाणिकपणे सांगतो, क्षणभर माझेही मन डळमळले. जुनी वस्तू घेणाऱ्याने पारखून घ्यावी, असे बाजारात म्हणतातच.

वहिनी दारात उभ्या राहून सारे ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भावजी, शेवटची दोन वर्षं हे उतारावर डावा हात दांडीवरून काढत नसत. मला वाटायचं, सवय असेल."

कोणी काही बोलले नाही. बंधूंना दोष ठाऊक होता. हंगामात खर्च नको म्हणून त्यांनी तो आपल्या मनगटावर पेलला आणि घरी कोणालाही कळू दिले नाही. नव्या मालकाला तो हात कोठून मिळणार होता?

गिअरबॉक्स बदलायचे ठरले. कुर्ल्याच्या भंगार बाजारातील जुना डबा स्वस्त पडला असता, पण तो किती चालला आणि का उतरवला, हे कोण सांगणार? आमच्या बँकेत अशा कागदावर कर्ज दिले नसते. आपलाच डबा खोलून दुरुस्त करावा, तर सुटे भाग मिळवण्यात हंगाम निघून गेला असता. शेवटी कोल्हापुरात जुना डबा मोबदल्यात देऊन नव्या बेअरिंगा, रिंगा आणि दातचक्रे बसवलेला डबा घेतला. वरचे झाकण उघडायला लावून आतील दात डोळ्यांनी पाहिले आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरून तळेऱ्यामार्गे तो विजयदुर्गला आणला.

पुढचे काम दोन दिवस चालले. आसने आणि तळाचा पत्रा काढला, पुढचे-मागचे प्रॉपेलर शाफ्ट सोडवले, इंजिनाला जॅकचा टेकू दिला आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रान्सफर केससह डबा खाली उतरवला. गाडी उघडलीच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदला, हा मिस्त्रींचा सल्ला मानला. तेवढ्यासाठी पुन्हा सारे खोलावे लागले असते.

त्या संध्याकाळी मी वाघोटण खाडीकाठच्या मराठा आरमाराच्या जुन्या गोदीवर जाऊन बसलो. खडक खोदून केलेल्या या गोदीत भरतीला जहाज आत घेत आणि पाणी ओसरल्यावर त्याचा एरवी पाण्याखाली राहणारा तळ दुरुस्त करीत. जहाज बुडते ते न दिसणाऱ्या भागामुळे, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

आता हिशेब. डबा चौतीस हजार, क्लचचे सामान साडेनऊ हजार, मजुरी आणि तेल साडेसात हजार : एकूण एक्कावन्न हजार. गिऱ्हाईक आले तेव्हा पुतण्यानेच त्यांना सारी हकीकत सांगितली, ठेवून घेतलेली झिजकी रिंग दाखवली, बिले हाती दिली. त्यांनी किंमत पंधरा हजारांनी वाढवली. म्हणजे छत्तीस हजार आमच्या अंगावर आले. रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, असे पुतण्याने विचारले. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या खात्यावर. त्यांचं राहिलेलं देणं होतं."

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानी माल वाहणारी जुनी गाडी असते आणि ती चालवणारा बहुधा आपला नोकर असतो. त्याला एकदा विचारा : उतारावर दांडी धरून ठेवावी लागते का? उत्तर होकारार्थी आले, तर ती गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या.

एप्रिलमध्ये त्या बागायतदारांचा फोन आला. पेट्या भरून ते पहिल्यांदाच उतार उतरले होते. म्हणाले, "काका, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."