सेवेचा जमाखर्च

दरवर्षी निकाल लागले की ओळखीतली दोन-चार मुले-मुली आमच्या घरी येतात. हातात पदवीची गुणपत्रिका आणि तोंडी एकच प्रश्न, “मॅडम, आम्हाला एन.जी.ओ.मध्ये जायचे आहे, त्यासाठी काय शिकावे लागते?” मी चहा टाकते आणि उलट विचारते, “पावती फाडता येते का?” मुले हसतात. बाईंचे आता वय झाले, असेही त्यांच्या मनात येत असेल. यंदा अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न लेखी पाठवला, तेव्हा उत्तरही जरा सविस्तर द्यावे म्हणून हा प्रपंच.

मी याच महाविद्यालयातून १९८७ साली बी.ए. झाले. माझी एक मैत्रीण बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या शिबिराला जाऊन आली होती आणि तिने सांगितलेल्या गोष्टींनी आमचा अख्खा वर्ग भारावून गेला होता. आपणही समाजसेवा करायची, असे मी घरी जाहीर केले. वडील म्हणाले, “कर की. पण ती शिकायला कॉलेजात कशाला जायला हवे? सेवा ही काय शिकायची गोष्ट आहे?” त्यांना तेव्हा उत्तर देता आले नाही. आज असते तर सांगितले असते की, गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली होती. देशभक्तीला उमेदवारी लागते, मग सेवेला का नको?

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था या विषयातली देशातली पहिली, १९३६ सालची. पण मुंबईत राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता. इंदूरला मावशी होती आणि तिथे १९५१ पासून चालत आलेले इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क होते. मिरजेला गाडी बदलून पुणे आणि पुण्याहून धुळे-सेंधव्यामार्गे रात्रभर बस, असा प्रवास करून मी पहाटे सरवटे बसस्थानकावर उतरले. हे सरवटे म्हणजे घटना समितीचे सभासद असलेले तात्या सरवटे. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये इंदुरात बालनिकेतन संघ सुरू केला होता. मावशीच्या रामबागेत त्यांचे नाव घरोघर होते. मराठी बाईने संस्था काढावी आणि ती चाळीस वर्षे नीट चालावी, याचे मला कौतुक वाटे. ती चालते कशी, हा प्रश्न मात्र एकदाही मनात आला नाही.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. व्यक्तीबरोबरचे काम, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन आणि समाजकल्याण प्रशासन. आठवड्यातून दोन दिवस वस्तीत किंवा संस्थेत क्षेत्रकार्य. मधल्या काळात, १९८८ मध्ये, इंदूर विद्यापीठाचे देवी अहिल्या विश्वविद्यालय झाले. पहिले सगळे विषय मी मन लावून वाचले. प्रशासनाच्या तासाला मात्र मागच्या बाकावर बसून घरी पत्रे लिहिली. कार्यकारिणी, इतिवृत्त, अंदाजपत्रक, खर्चाची शीर्षके! हे काय समाजकार्य झाले? त्यासाठी कारकून असतात, अशी माझी पक्की समजूत होती.

दुसऱ्या वर्षी मला परदेशीपुऱ्याकडच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत चार बालवाड्या चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेत पाठवले. संस्थेचे नाव लिहीत नाही. मला वाटले होते, घरोघरी हिंडायला मिळेल. पहिल्याच दिवशी मला कार्यालयातल्या टेबलाशी बसवण्यात आले. समोर हिशेब पाहणारे गृहस्थ. एका कापड गिरणीतून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी आणि कानावर पेन्सिल. सगळे त्यांना मुनीमजी म्हणत. मी काका म्हणू लागले. बोलायचे मराठी, पण इंदुरी. “बेटा, तू काय करून राहिली? व्हाउचर लाव पहिले, मग वस्तीत जा.” मी व्हाउचर लावत असे आणि मनातल्या मनात चरफडत असे.

जानेवारी १९८९ मध्ये आमच्या एका बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर उकळती डाळ सांडली. सरकारी इस्पितळात खाट मिळाली, पण मलम, इंजेक्शने, पट्ट्यांचे सामान बाहेरून आणायचे होते. बाप बदली कामगार, गिरणीत काम असेल त्या दिवशी मजुरी. संस्थेत त्या वेळी बालवाडीच्या ताईंच्या मानधनासाठी आलेले अनुदान पडून होते. मी चिटणीसबाईंच्या मागे लागले. मूल मरणाच्या दारात आहे आणि आपण पैसे कपाटात ठेवायचे? शिकलेली मुलगी तळमळून बोलते आहे म्हटल्यावर त्या विरघळल्या. १,७०० रुपये काढले. मुनीमजींनी पैसे मोजून दिले, पण वहीत लिहिले, “मानधन शीर्षकातून, मंजुरीविना”. आणि मला म्हणाले, “बेटा, हा पैसा आपला नाही. त्या चार बायांचा आहे.”

मला त्यांचा संताप आला. मावशीला मी त्या रात्री सांगितले की काकांना काळीजच नाही.

मुलगा वाचला. मार्चमध्ये विनियोग प्रमाणपत्राची वेळ आली. मंजूर पैसा मंजूर कामावरच खर्च झाला, असे त्यात लिहून द्यावे लागते आणि हिशेब तपासनीस त्यावर सही करतो. त्यांनी सही केली नाही. करायला नकोच होती. पुढचा हप्ता अडला. चारही ताईंना महिना १५० रुपये मानधन मिळे, ते पाच महिने मिळाले नाही. तिघींनी कसेबसे निभावले. चौथीचा नवरा आजारी होता. तिने मे महिन्यात बालवाडी सोडली आणि दोन घरची धुणीभांडी धरली. सगळ्यात चांगली गाणी शिकवणारी तीच होती.

मी चूक केली की नाही, हे आजही मला नीट सांगता येत नाही. तो मुलगा पुन्हा तसाच समोर आला, तर मी पुन्हा पैसे मागीन. फक्त कोणाच्या ताटातले मागते आहे, हे आधी पाहीन.

मुनीमजी मला एकदाही “पाहा, मी सांगितले होते” असे म्हणाले नाहीत. एका रविवारी ते मावशीला आणि मला महेश्वरला घेऊन गेले. नर्मदेच्या घाटावर बसून त्यांनी होळकरांच्या खासगीची गोष्ट सांगितली. मी पुढे वाचून पाहिले, तेव्हा ती खरी निघाली. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न आणि दौलतीचे उत्पन्न ही दोन खाती वेगळी. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात काशीपासून रामेश्वरापर्यंत जो दानधर्म केला, तो या खासगीतून. “राणी होत्या,” मुनीमजी म्हणाले, “खजिना त्यांचाच होता. तरी धर्माचा पैसा वेगळा, राज्याचा वेगळा. आपण कोण लागून गेलो?” मला त्या क्षणी मागचा बाक आठवला.

परतल्यावर आम्ही आजारपणाचा निधी सुरू केला. अगदी साधा. वेगळे पावतीपुस्तक, बँकेत वेगळे खाते, आणि कोणत्या कारणासाठी किती द्यायचे हे कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवलेले. पावती क्रमांक एक मावशीच्या नावाची, ११ रुपयांची. रामबागेतल्या घरांतून जूनअखेर ९४० रुपये जमले. ठराव मी लिहिला आणि मुनीमजींनी त्यात सात दुरुस्त्या केल्या. प्रशासनाचा पेपर मी खरा शिकले तो असा.

आता संपादकांच्या प्रश्नाकडे. आज हे काम शिकायचे तर इंदूर गाठायची गरज नाही. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे आणि धारवाडलाही एम.एस.डब्ल्यू. होते. व्यवस्थापनाकडे ओढा असलेल्यांसाठी डॉ. कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, तिचे स्नातक देशभर पसरले आहेत. कुठेही जा, पण लेखाकर्म थोडे तरी शिका. कायदे वाचा, म्हणजे खरोखर वाचा. मी इंदुरात शिकले तो मध्य प्रदेशचा संस्था नोंदणी कायदा १९७३ चा. इथे आले तर १९६० चा कर्नाटकचा. पलीकडे कोल्हापुरात नोंदणी करायची तर १९५० चा विश्वस्त कायदाही सांभाळावा लागतो. पहिल्या नोकरीत निबंधकांच्या कार्यालयातले कन्नड पत्र मला वाचता आले नाही आणि शिपायाकडून वाचून घ्यावे लागले. ती लाज अजून आठवते. आपल्या अंकाची उलटी बाजूही वाचत चला, एवढेच सांगते.

पैशाचे मार्गही बदलले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. त्यामुळे प्रस्ताव लिहिता येणाऱ्याला मागणी आली. उलट, परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यातला प्रशासनावरचा खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणला गेला. ही मर्यादा घालणाऱ्यांचा रोख उधळपट्टीवर असेल, आणि उधळपट्टी करणारेही मी पाहिले आहेत. पण हिशेबनिसाचा पगार, तपासनिसाची फी, कार्यालयाचे भाडे हे सगळे याच वीसात बसवायचे असते. पगाराबद्दल मुले विचारायला लाजतात. लाजू नका. मला १९८९ मध्ये पहिला पगार ९०० रुपये मिळाला आणि दुसऱ्या महिन्याचा दोन महिन्यांनी. मुलाखतीत संस्थेचा मागील वर्षाचा ताळेबंद मागून पाहा. जी संस्था दाखवत नाही, तिथे चहा पिऊन परत या.

इंदूर सोडण्यापूर्वी मी त्या चौथ्या ताईंच्या घरी दोनदा गेले. पहिल्या वेळी दाराला कुलूप होते. दुसऱ्या वेळी त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. हप्ता सुटला आहे, थकलेले मानधन मिळेल, परत या, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या की थकलेले पैसे घेईन, पण आता दुसऱ्याच्या सहीवर घर ठेवणार नाही. मग त्यांनी चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारले, “तो डाळ सांडलेला मुलगा बालवाडीत येतो ना?”

येतो, असे मी सांगितले.