आकड्याची वही: वऱ्हाडचा कापूस, वरली मटका आणि बेसबॉल (थ्रेड)

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचा संसार दोन घरी आहे: एक सांख्यिकीचे, दुसरे जुगाराचे. वाशीम जिल्ह्यातील बाजारगावात ‘आकडा काय आला?’ असे कोणी विचारले, तर तो जनगणनेविषयी बोलत नसतो. पोलीस कारवाईच्या बातम्यांत या खेळाचे नाव आजही ‘वरली मटका’ असेच छापून येते. मुंबईची वरळी वऱ्हाडात कशी पोहोचली? धागा कापसाचा आहे.

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी छोटी रेल्वे, म्हणजे सर्वांची ‘शकुंतला’, बांधली गेली तीही कापसासाठीच. हा माल मुंबईस जाई. तेथे खरेदी-विक्रीच्या जोडीने भावावर सट्टाही चाले: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर येत आणि त्यांतील अंकांवर पैसे लागत.

१९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले. सट्टा थांबला नाही. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला, रतन खत्री यांनी १९६४ मध्ये ‘न्यू वरळी’. आता भाव नव्हते, पत्ते होते. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा.

कापूस गेला, तरी त्याचा अभ्यास करण्याची सवय उरली. खेळणारा जुन्या निकालांचे तक्ते जपतो, वहीत रेघा ओढतो: ‘सहा बरेच दिवसांत आला नाही, म्हणजे आज येणार.’ या वहीची थट्टा करणे सोपे आहे. पण नोंदींवरून पैज तोलणे मुळात वेडेपणाचे नाही, आणि त्यासाठी बेसबॉलकडे पाहावे.

आरन जज या फलंदाजाने २०२२ च्या हंगामात ६९६ वेळा फलंदाजीस येऊन ६२ होमरन मारले. म्हणजे दर खेपेस सुमारे ९ टक्के. सामन्यात चार खेपा मिळाल्या, तर किमान एक होमरन होण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. पैजेत एका रुपयाचे तीन मिळणार असतील, तर शंभर लावणाऱ्याच्या हाती सरासरी ९३ येतात. पैज तोट्याची, पण ती तोट्याची आहे हे नोंदींनीच सांगितले. त्या नोंदींमागे तेच मनगट, तीच नजर उद्याही असते. गोलंदाज आणि मैदान पाहून अंदाज आणखी सुधारताही येतो.

मटक्याच्या वहीमागे असे कोणीच नाही. पत्त्यांना कालचा निकाल आठवत नाही. दहा अंक, एकाला नऊचा रूढ भाव: शंभराचे सरासरी नव्वद. ‘जोडी’त शंभर शक्यता आणि एकाला नव्वद, पुन्हा तेच. (हेही खेळ सचोटीने चालतो असे धरून.) हा हिशोब करण्यास एकाही जुन्या निकालाची गरज नाही, आणि वहीतील हजार निकाल त्यात एका पैशाचाही फरक पाडत नाहीत. वही भरणाऱ्याचे कष्ट मात्र खरे असतात, हीच त्यातली जीवघेणी गोष्ट.

शकुंतला आता बंद आहे. वाशीमच्या शिवारात कापसापेक्षा सोयाबीनच अधिक दिसते. न्यूयॉर्कच्या बाजाराची वेळ मात्र आकड्याच्या चिठ्ठीवर अजून टिकून आहे: पहिल्या निकालास ‘ओपन’ म्हणतात, दुसऱ्यास ‘क्लोज’.