भट्टीमागची भिंत

2025 च्या जुलैत शेजारच्या बेकरीने लाकडाची भट्टी मोडली आणि माझ्या डिस्कस माशांच्या जोड्या अंडी द्यायच्या थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारीला लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. बेकरीवाल्या चाचांनी ती पाळली. गॅसची स्टीलची भट्टी आली, पाव तसाच फुगतो, गल्लीतला धूर गेला. शीवची हवा ज्याने छातीत घेतली आहे तो या निर्णयाविरुद्ध बोलणार नाही. मीही बोलत नाही. पण नव्या भट्टीला चांगलं अस्तर आहे. तिची ऊब तिच्यातच राहते. माझ्या बाजूची भिंत आता नुसती भिंत आहे.

शीव तलावामागच्या माझ्या खोलीत मी मासे पैदा करायला लागलो तो या भिंतीमुळेच. रात्री अकराला चाचा भट्टी पेटवत. लाकूड आतच जळायचं, मग निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या विटांवर पहाटेपर्यंत लादी भाजायची. ती धग जाड विटांमधून माझ्या टाक्यांपर्यंत पोचायला सकाळचे नऊ वाजत. पाणी 28 वरून 30 अंशांवर चढे, दुपारभर तिथे रेंगाळे, दिवेलागणीला उतरू लागे. आणि त्या उतरणीवर जोडी अंड्यांसाठी ठेवलेला मातीचा कोन घासायला घ्यायची. कोन कुंभारवाड्यातला, बिनरंगाचा, खरबरीत. मादी खालून वर सरकत मातीवर अंड्यांची एकेक ओळ चिकटवते, नर त्याच वाटेने मागून जातो, दोघांचेही पंख थरथरत असतात. नराची फेरी कमी पडली की अंडी पांढरी पडलीच म्हणून समजा. पाणी जड असलं तरी तेच. आपलं तानसा-वैतरण्याचं पाणी हलकं, त्या बाबतीत मुंबईकराने तक्रार करू नये.

आता टाक्यांत हिटर आहेत. काटा 29 वर ठेवला की रात्रंदिवस 29. पुस्तकात लिहिलंय तेवढंच. जोड्या खातात, रंग धरतात, कोनासमोर एकमेकांना मान लववतात, घासतातही. मग सोडून देतात. पाणी बदलून पाहिलं, अर्धं बदललं, पाव बदललं. दिवे उशिरा मालवले. खाणं कमी केलं, वाढवलं. पुन्हा तेच. माझा संशय त्या सपाट 29 वर आहे. या माशांच्या मुलखात, ॲमेझॉनच्या काठी, पाणी उन्हाने तापतं, सावलीने निवतं. माझ्या भिंतीने नकळत तेच केलं होतं. पण चढण महत्त्वाची की उतरण? दोन अंश की एकच पुरे? नऊ वाजताच का, अकराला का नाही? झोपेतही हेच चालू असतं.

इतर पैदासवाल्यांना यात काही गूढ दिसत नाही. त्यांच्यातले बरेच जण आता पैदास करतच नाहीत. मलेशिया-थायलंडहून पिशव्यांत बंद मासा मागवतात आणि आपल्या टाकीत आठवडाभर ठेवून आपला म्हणून विकतात. काही जण पिल्लांना हार्मोन चारून कोवळ्या वयात रंग चढवतात. तो मासा गिऱ्हाइकाच्या घरी दोन महिन्यांत फिका पडतो, आणि गिऱ्हाईक समजतं की आपल्यालाच मासे पाळता येत नाहीत. हा छंद कुणी संपवला असेल तर या लोकांनी.

वाया जाणाऱ्या उबेवर मासे वाढवणारा मी एकटा नाही. स्वित्झर्लंडमध्ये फ्रुटिगेन नावाचं गाव आहे. तिथे 2007 मध्ये सुरू झालेल्या लोचबर्ग रेल्वे बोगद्यातून डोंगराचं कोमट पाणी वाहून येतं. ते तसंच नदीत सोडलं तर तिथल्या ट्राउट माशांना बाधलं असतं. म्हणून त्या पाण्याची ऊब आधी काढून घेतात. तिच्यावर काचघरात केळी पिकवतात आणि टाक्यांत स्टर्जन पाळतात, कॅव्हियारसाठी. स्टर्जनची मादी अंड्यावर यायला वर्षानुवर्षं लागतात. तेवढा काळ ऊब टिकणार असा त्यांना भरवसा आहे, कारण डोंगराची भट्टी कुणी बदलणार नाही. रशियात कोनाकोवोला वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर स्टर्जन वाढवतात. तिथल्या माणसाची धाकधूक मला जास्त कळते. जी ऊब दुसऱ्याने सांडली तिच्यावर आपण जगतो, आणि ती सांडू नये यासाठी सगळं जग धडपडतंय. धडपडायलाच हवं.

माझ्या टाक्यांत हिटर नाही, हे सांगायला मला फार आवडायचं. कुर्ल्याच्या बाजारात रविवारी कुणी माझा मासा लांबून ओळखून ‘शीवचा’ म्हणालं, की मी काम संपलं तरी तिथून हलत नसे. त्या नावात अर्धा वाटा चाचांच्या लाकडाचा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. हात माझा आहे असंच लोकांना वाटू दिलं. मलाही वाटत होतं.

प्रतीक्षानगरचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला येतो. त्याने हिटरला एक छोटा कंट्रोलर जोडला. पाणी सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. गेल्या आठवड्यात मधल्या टाकीतल्या जोडीने अंडी दिली. दुसऱ्या रात्री ती सगळी पांढरी पडली, तरी दिली. ‘काका, दिली ना अंडी!’ म्हणून तो नाचला, आणि माझ्या पोटात आनंदाआधी दुसरंच काहीतरी हललं. जे भिंतीने केलं ते मला जमलं नव्हतं, आणि विशीतल्या पोराने मोबाइलवर बोट फिरवून ते निम्मं तरी जमवलं.

त्याची उतरण फार घाईची आहे. दोन तासांत दोन अंश. भिंत सहा तास घ्यायची, आणि मधे पुन्हा किंचित चढायची, कारण चाचा संध्याकाळच्या पावासाठी दुपारी थोडं लाकूड टाकत. तो बारका उंचवटा माझ्या जुन्या वहीत महिनोन्महिने टिपलेला आहे. वही त्याला अजून दाखवलेली नाही. त्याने दोनदा विचारलं, दोन्हीदा मी विषय पाण्याच्या पीएचवर नेला. रविवारी कुर्ल्याला जाण्याआधी तो येईल. त्या उंचवट्याचे आकडे मी त्याला तोंडी सांगेन असं सध्या तरी ठरवलंय.